हक्काची गोंदणी

अजिंठ्याच्या डोंगरात धावडदरी नावाचं एक गाव आहे. तिथे गोंदणीचं झाड एकच आहे, आणि ते माझ्यामुळे आहे. मी ते लावलं नाही, पाहिलंही नव्हतं. ऐंशी ओलांडल्यावर, ऐन मे महिन्यात, त्या झाडाखाली बसून एक गोष्ट सांगायला मी गेलो. त्या जाण्यायेण्याची ही हकिकत.

धावडदरी हे गावाचं खरं नाव नाही. माणसांची नावंही मी बदलली आहेत. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, एसटीच्या पाटीवरही तेच होतं, म्हणून इथेही तेच लिहितो.

निघण्याआधी

पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी शाळेत होतो. शिक्षण सगळं उर्दूतून. घरात मराठी, पण तीही आमच्याकडची, दख्खनी मिसळलेली. पुढे कचेरीत चिकटलो. हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, तेव्हा पुण्याकडचे अधिकारी आमच्याकडे आले. त्यांना उर्दू येत नव्हती आणि खेड्यातल्या म्हाताऱ्यांना त्यांची मराठी उमगत नव्हती. मधे कुणीतरी लागायचं. तो मी. हुद्दा कनिष्ठ लिपिकाचा, काम दुभाष्याचं.

धावडदरीत वस्ती तडवी, म्हणजे मुसलमान भिल्लांची. रान कोरडवाहू. पावसाळा सरला की शेतात दगडांशिवाय काही दिसत नाही. मग उन्हाळाभर ही माणसं डोंगरातल्या झाडांचा डिंक काढत आणि त्यावर घर चालवत. नव्या सरकारला कोणत्या गावाचा जंगलात काय हक्क आहे ते नोंदवून घ्यायचं होतं, म्हणून साहेब आणि मी तिथे गेलो. गावातर्फे सुभानबाबा नावाचे म्हातारे बोलले.

"इस पहाड का गोंद हमारा है. बाप-दादा से."

मी साहेबांना सांगितलं, "डोंगरातला गोंद यांचा आहे म्हणतात."

साहेबांनी लेखणी उचलली. "गोंद नव्हे हो, गोंदणी. लहानपणी आम्ही पुष्कळ खाल्लीत. गोंदणीची फळं. होय ना?"

गोंद म्हणजे डिंक. गोंदणी म्हणजे चिकट गराची, बोटाच्या पेराएवढी नारिंगी फळं येणारं झाड. दोन्हींचा संबंध चिकटपणापुरता. आमची आई दर थंडीत डिंकाचे लाडू वळायची, त्यामुळे डिंक हा शब्द मला शोधावा लागला नसता. तो जिभेवर होता.

मी म्हणालो, "होय, साहेब."

त्या दिवसापासून गावाला हक्क मिळाला गोंदणीची फळं वेचण्याचा. त्या डोंगरात गोंदणी एकही नव्हती. डिंकाचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला आणि गावकऱ्यांनी डिंक काढला की ती चोरी ठरू लागली. सुभानबाबांचा मुलगा इस्माईल त्याच चोरीत पकडला गेला. दंड भरता आला नाही म्हणून एक उन्हाळा हर्सूलच्या तुरुंगात राहिला. त्याच्या खटल्याचे कागद आमच्या कचेरीतून गेले. मी ते पाहिले, आणि पुढच्या टेबलाकडे सरकवले.

निवृत्तीनंतर लोक मला जुने उर्दू कागद वाचायला आणून देत. आता ते वाचणारे फार उरले नाहीत. असाच शेंद्र्याच्या कारखान्यात काम करणारा यासीन नावाचा तिशीतला माणूस जमिनीचा एक कागद घेऊन आला. गावाचं नाव वाचलं आणि मी विचारलं, "तुमच्याकडे गोंदणी आहे का हो?"

तो हसायला लागला. "एकच हाय. आमच्या पणजोबानं लावली. सरकारनं गोंदणीचा हक्क दिला तर म्हनले, एक झाड तरी पायजे ना हक्क चालवायला! अजून त्याला 'हक्काची गोंदणी' म्हनत्यात."

मग त्यानं सांगितलं की नव्या वनहक्क कायद्याखाली गाव डिंकाचा हक्क परत मागतंय. बायकांचा गट झालाय, नीट डिंक काढायचं शिक्षण झालंय, माल घ्यायला गिऱ्हाईक आहे. पण जुन्या दप्तरात गोंदणी लिहिलीय, तिथं गाडं अडलंय. गावाबाहेरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब मिळाला तर तो पुरावा म्हणून चालतो.

"आता कोन राहिलंय तव्हाचं," तो म्हणाला.

त्या दिवशी मी त्याला फक्त कागद वाचून दाखवला. त्याला चहा दिला. चार-पाच दिवसांनी फोन करून सांगितलं की मी त्या वेळी तिथे होतो, आणि मी येतो.

हर्सूल ते फर्दापूर

सूनबाईनं पिशवीत ग्लुकोजचा डबा, कांदा आणि ओला पंचा भरून दिला. "बाबा, जबाब काय, इथं घरी बसून नाही देता येत?" तिचं बरोबर होतं. देता आला असता. पण मला ते तिथेच बोलायचं होतं.

सकाळची सिल्लोडकडची बस. हर्सूलला तुरुंगाची लांब भिंत उजाडताच्या उन्हात अगदी साधी दिसते, एखाद्या गोदामाची असावी तशी. या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलो असेन, दर वेळी दुसऱ्या बाजूला तोंड करून. या खेपेला मुद्दाम त्या बाजूच्या खिडकीत बसलो. शेजारी फुलंब्रीला उतरणारे एक शेतकरी गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "कोनी हाय का आत?" मी म्हणालो, "होतं." ते म्हणाले, "सुटलं ना? मग बरं झालं." आणि त्यांनी मला भुईमुगाच्या शेंगा दिल्या.

'होय' मी का म्हणालो, ते मला पाठ आहे. त्या दिवशी सकाळी, धावडदरीला निघण्यापूर्वी, मी साहेबांसमोर एक अर्ज मराठीत वाचून दाखवत होतो. त्यात मी 'दरख्वास्त', 'तामील', 'मुद्दत' असे शब्द वापरले. आम्ही तेच वापरायचो. साहेब शिपायांकडे बघून म्हणाले, "यांची मराठी आधी मराठीत आणायला दुसरा दुभाष्या नेमा." सगळे हसले. एक शिपाई तर माझाच गाववाला होता, तोही हसला. कुणाची मराठी कच्ची आहे याची यादी वर जाणार अशी कुजबुज त्या दिवसांत होती. दुपारी साहेबांनी मला मराठी शब्द शिकवला तेव्हा पुन्हा स्वतःचं हसं करून घ्यायची माझ्यात ताकद नव्हती. वाटलं, परतताना जीपमध्ये सांगू. जीपमध्ये साहेब झोपले. मग वाटलं, सोमवारी सांगू.

सिल्लोडला जेवलो. बसस्टँडच्या समोरच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, शेवेची भाजी आणि असा ठेचा, की माझ्या ओला पंचा बांधलेल्या डोक्याला आतून घाम आला. गोळेगाव सोडलं की दोन्ही बाजूंना पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, उभ्या वाळल्या काड्या आणि मधून मधून एकटं कडुलिंबाचं झाड. अजिंठ्याचा घाट उतरला की खालचा मुलूख उघडतो. फर्दापूरला परदेशी पाहुणे लेणी बघायला उतरत होते. मी उतरलो तेव्हा यासीन मोटारसायकल घेऊन उभा होता. एका रिक्षावाल्यानं मला विचारलं, "लेनी, बाबा?" यासीन म्हणाला, "नाय, गोंदनी बघायला आलेत." रिक्षावाल्याला काही कळलं नाही.

झाड

गोंदणी चावडीसमोर आहे. झाड फार उंच नाही, फांद्या खाली झुकलेल्या, पानं खरखरीत. बुंध्याभोवती दगडी पार बांधलेला. फळं पिकली होती आणि गावातली पोरंटोरं फांद्यांना लोंबकळत होती. त्यांची तोंडं आणि बोटं चिकट झालेली. एकानं बाराखडीच्या पुस्तकाचं फाटलेलं पान त्याच गरानं जोडून मला दाखवलं.

पारावर एक म्हातारी बसली होती. पांढरी शुभ्र वेणी, नाकात चमकी, हातात सुपभर डिंक. यासीन म्हणाला, "ह्या जैतूनदादी. इस्माईलदादांच्या घरच्या. बायकांचा गट ह्याच चालवत्यात."

म्हणजे सुभानबाबांची सून. इस्माईल वारून बरीच वर्षं झाली होती, हे मला यासीननं फोनवर सांगितलं होतं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी ते बारकं साहेब. तव्हा मिशी बी धड नव्हती आली."

"हो," मी म्हणालो.

"आता तर समदीच पांढरी झाली. बसा. पानी प्या. उन्हाचं लई बोलू नाय."

पाणी म्हणून जे आलं ते पाणी नव्हतं. कांडोळाचा डिंक रात्रभर भिजत घातलेला, फुगून बर्फाच्या चुऱ्यासारखा झालेला, त्यात गुळाचं पाणी. घसा आणि पोट दोन्ही गार झाली. आमच्याकडे डिंक म्हणजे थंडीतली वस्तू, तुपात तळायची, बाळंतिणीला द्यायची, उष्ण म्हणून उन्हाळ्यात हातही लावायचा नाही. मी तसं म्हणालो. जैतूनबी म्हणाल्या, "तो धावड्याचा. ह्यो कांडोळाचा. झाड यगळं, गुन यगळा. तुमच्या शहरात समदा एकच डिंक व्हय?"

"दुकानात एकच बरणी असते."

"मग बरनीत काय हाय ते कोनाला ठावं!" त्या हसल्या आणि सूप पाखडायला लागल्या.

सुपात पांढरे, पिवळसर आणि लालसर तपकिरी असे खडे होते. दोन बायका येऊन ते निवडू लागल्या. पांढरा वेगळा, पिवळा वेगळा, साल लागलेला वेगळा. पूर्वी सगळा एकाच पोत्यात जायचा आणि ठेकेदार तो सगळा वाईटाच्या भावानं घ्यायचा, असं त्या सांगत होत्या. ओला असताना प्लास्टिकच्या पिशवीत भरला की त्याचा एक गोळा होतो, म्हणून आता सावलीत, कापडावर. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "तुझ्या हातचा घाम पुस आधी, सगळा माल पिवळा करती." दुसरी म्हणाली, "माझा घाम नाय, तुझी नजर पिवळी." त्यांचं हे अंधार पडेपर्यंत चाललं होतं.

रात्री यासीनच्या घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. मी थकलो होतो, लवकर झोपलो.

डोंगर

ऊन चढायच्या आत डोंगरात जायचं होतं. मला वरपर्यंत जमणार नव्हतं, म्हणून यासीननं पहिल्या टप्प्यापर्यंत मोटारसायकल नेली आणि पुढे जैतूनबींची काठी मला दिली. त्या स्वतः बिनकाठीच्या पुढे चालत होत्या.

मे महिन्यातला हा डोंगर पानं गळालेला असतो. त्यात कांडोळाची झाडं लांबून ओळखू येतात. खोड पांढरं, गुळगुळीत, काही ठिकाणी गुलाबी झाक. उघडं माणूस उभं असावं तसं दिसतं. सालईच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले असतात. जैतूनबींनी एक पापुद्रा बोटांनी चुरडून मला वास दिला. उरुसाला दर्ग्यात जाळतात त्या धुपाचा वास.

पण मधे एक मोठा पट्टा असा लागला, की तिथे झाडंच नव्हती. काही वाळकी खोडं उभी होती, बाकी बुंधे. खोडांवर कंबरेएवढ्या उंचीला सगळीकडून कुऱ्हाडीचे घाव. यासीन म्हणाला, "ठेकेदाराच्या मानसांचं काम. झाड चारी अंगानं कापलं की त्या साली डिंक लई निघतो. पुढच्या साली झाड मरतं. त्यांना पुढचं साल कुठं बघायचं होतं."

"आपल्यावाल्यांनी बी कापली," जैतूनबी म्हणाल्या. "रातीचं चोरून यायचं म्हटल्यावर कोन हळू कापतं? घाव घाल, पळ. चोरासारखं काम केलं की झाड बी चोरीचंच ऱ्हातं. समदं ठेकेदाराच्या डोक्यावर नको घालू."

यासीन पुढे चालू लागला. मीही. ते काम चोरीचं ठरलं ते माझ्या एका 'होय'मुळे, आणि हे त्या दोघांना ठाऊक नाही असं तेव्हा मला वाटत होतं.

त्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला नव्या पद्धतीची झाडं होती. जाड खोड असेल तरच हात लावायचा. एकाच अंगाला, तळहाताएवढी साल हलकेच तासायची, लाकडाला धक्का नाही. खाली पळसाच्या पानाचा द्रोण. थोड्या दिवसांनी वरची कड किंचित तासायची. पुढच्या साली त्या झाडाला सुट्टी. शिकवायला आलेल्यांनी सुट्टीच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारायला सांगितलं होतं. पण चुना पावसानं जातो आणि कांडोळ मुळात पांढरा, त्यावर पांढरा पट्टा दिसणार कसा, असा वाद होऊन शेवटी गेरूचा पट्टा ठरला. दोन-चार झाडांवर पट्टा असूनही ताजी खाच होती. "करीमची असंल," जैतूनबी म्हणाल्या. "त्याला लाल रंग दिसत नाय म्हनतो. बैलासारखा."

एका धावड्याच्या खोडावर उन्हात चमकणारे थेंब आले होते, मधाच्या रंगाचे. त्यांनी एक थेंब काढून माझ्या तळहातावर ठेवला. "खाऊन बघा. बरनीतला नव्हं."

मी तोंडात टाकला. चव अशी काही नव्हती, किंचित गोड, मग तुरट. मी तो चघळला, आणि तिथेच चुकलो. माझे दात वरचे आणि खालचे दोन्ही कवळीचे. दोन्ही कवळ्या एकमेकींना घट्ट चिकटल्या. तोंड उघडेना. उघडायला गेलो तर वरची कवळी हिरडीवरून सुटून खालचीबरोबर निघाली. मी हातवारे करतोय, यासीनला वाटलं उन्हाची भोवळ आली, त्यानं माझ्या डोक्यावर अख्खी पाण्याची बाटली ओतली.

जैतूनबींना मात्र कळलं. त्या दगडावर बसून, पोट धरून हसल्या. "बोलाया आलेत शहरातून, आन गोंदानं तोंडच बंद केलं!"

कवळ्यांची जोडी त्यांनी पदराच्या टोकात गुंडाळून खाली आणली आणि पाण्याच्या तपेल्यात भिजत घातली. दुपारच्या गावसभेपर्यंत मी बोळक्यानं बसून होतो. डिंक पाण्यात सुटतो. घाई केली तर नाही.

जबाब

शुक्रवार होता. नमाज झाल्यावर माणसं गोंदणीच्या पारावर आणि सभोवती जमली. बायका एका बाजूला, पण मागे नव्हे. यासीन वनहक्क समितीचा सचिव, त्याच्या मांडीवर कागद. माझे दात जागेवर आले होते.

मी उभा राहून सांगितलं. मी कोण, कधी आलो होतो, सुभानबाबा कुठे बसले होते, ते काय म्हणाले. "त्यांनी गोंद म्हटलं. गोंद म्हणजे डिंक. गोंदणीचं नाव त्यांनी घेतलं नाही." यासीन भराभर लिहीत होता. मग त्यानं वाचून दाखवलं. सरकारी मराठी त्याला माझ्यापेक्षा चांगली येते. "...तथापि सदर अधिकाऱ्यांनी नजरचुकीने गोंदणी असे नमूद केले व ते दुरुस्त करणे माझ्याकडूनही नजरचुकीने राहून गेले. बरोबर हाय ना, काका?"

पुन्हा तोच प्रश्न. तसाच, कागद तयार असताना, वरच्या माणसानं नव्हे तर नातवाच्या वयाच्या माणसानं विचारलेला.

"नाही," मी म्हणालो. "माझी नजरचूक नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं. डिंक हा शब्द मला येत होता. मी घाबरलो, म्हणून होय म्हणालो. ते लिही."

 झाडावर चढलेलं एक पोर तेवढं फळं तोडत होतं, आईनं त्याला खाली ओढलं.

पहिला आवाज करीमचा आला, गेरूचा पट्टा न दिसणारा तो. साठीचा माणूस. "म्हंजी जानूनबुजून? आन इस्माईलचाचा जेलात गेला तव्हा बी ठावं होतं?"

"ठाऊक होतं."

"तव्हा का नाय आले?"

"नाही आलो," मी म्हणालो.

यासीननं लेखणी खाली ठेवली. तो चिडला नव्हता, पण घाबरला होता. "काका, हे असं लिवलं तर वरची समिती काय म्हनंल? ह्यो मानूस तव्हा खोटं बोलला, कबूल करतोय, मग आज खरं बोलतोय कशावरून? सगळा जबाबच जाईल. नजरचूक ऱ्हाऊ द्या. एक शब्द तर हाय."

"एकाच शब्दानं झालं सगळं," मी म्हणालो. "मी आता खोट्याखाली सही करणार नाही."

"मग गावाचं काय?"

हे त्याचं बरोबर होतं, आणि माझंही चूक नव्हतं. मी खरं बोलायला आलो होतो आणि माझं खरं बोलणंच त्यांच्या आड येत होतं. हा विचार इतक्या वर्षांत माझ्या मनाला शिवला नव्हता. मला वाटायचं, एकदा खरं सांगितलं की सगळ्यांचंच भलं होईल.

जैतूनबी उठल्या. "यासीन, दोनी 'नजरचूक' खोड."

"दादी, मग..."

"खोड म्हनते ना. साहेबाची बी खोड, ह्यांची बी." मग माझ्याकडे वळल्या. "दादा, मी त्या दिशी दारामागं व्हते. नवी नवरी. पान्याचा तांब्या घिऊन उभी. तुमचं 'होय' मी ह्या कानानं ऐकलं. सासऱ्याला म्हनलं, बाबा, ते पोरगं घाबरलंय, त्यानं काहीतरी भलतंच सांगितलं. ते म्हनले, असू दे, साहेब लोक हायेत, लिवतील नीट. त्याला आता किती सालं झाली. आमाला ठावंच हाय. तुमालाच वाटतंय की आमाला ठावं नाय."

मी खाली बसलो.

"तुमचं वझं हाय, खरं हाय. पर ते आमच्या कागदावर नका ठिवू. आमचा कागद डिंकाचा हाय. सासरे काय म्हनले आन कागदावर काय आलं, तेवढं सांगा. कसं झालं, का झालं, ते तुमच्या कागदावर लिवा. घरी जाऊन. आमाला त्याची घाई नाय."

करीम म्हणाला, "आन चाची, माफ केलं का मंग?"

"तू गप. तू आधी गेरू बघाया शिक."

लोक हसले. माफीचा प्रश्न तिथेच राहिला. मी तो पुन्हा विचारला नाही, त्यांनीही काढला नाही.

यासीननं नव्यानं लिहिलं. गावाने मागितला तो डिंक. कागदावर आली ती गोंदणी. दोन्ही वेगळी आहेत. त्या डोंगरात त्या वेळी गोंदणी नव्हती. डिंक देणारी झाडे धावडा, कांडोळ; धूप देणारी सालई. जैतूनबींनी मधेच सांगितलं, "गोंद बी लिव, डिंक बी लिव. दोनी लिव. पुन्यांदा कोनी साहेब शिकवाया नको." त्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर?"

मी पूर्ण ऐकून घेतलं, एक ओळ पुन्हा वाचायला लावली, आणि मग होय म्हणालो.

जबाबावर फोटो लावायचा होता. मी सूनबाईनं पाकिटात घातलेला फोटो काढला. यासीन म्हणाला, "डिंकाची बाटली आणा रे." कुणाकडेच नव्हती. घराघरात डिंकाचे खडे पडलेले गाव, आणि कागदाला लावायला थेंबभर डिंक तयार नाही! हसून हसून बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. शेवटी मघाच्या त्या पोरानं गोंदणीचं एक फळ चिरडून यासीनच्या हातात दिलं. माझा फोटो डिंकाच्या मागणीवर गोंदणीनं चिकटला. करीम म्हणाला, "हक्क चालवला शेवटी."

परत

निघताना जैतूनबींनी धावड्याच्या डिंकाची पुरचुंडी दिली, पांढऱ्या खड्यांची. "सुनेला सांगा, थंडीत लाडू करा. आन तुमी चघळू नका."

हर्सूलपाशी येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. तुरुंगाच्या बाहेर भेटीला आलेल्या दोन बायका बसची वाट बघत उभ्या होत्या. बस थांबली, त्या चढल्या, मी एकीला जागा दिली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसा हो." मी उभाच राहिलो. घर जवळ आलं होतं.

निकाल लगेच आला नाही. कागद वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. मधे शहराचं नाव बदललं. निकाल येईपर्यंत मी हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण तो जबाब त्यांचा होता आणि त्याला माझ्यामुळे पुन्हा धक्का लागायला नको होता. मग एका सकाळी यासीनचा फोन आला. शेंद्र्याची नोकरी सोडून तो गावीच असतो आता, गटाचा माल तोच बाजारात पोचवतो.

"काका, मिळाला. गोंद बी लिवलंय, डिंक बी लिवलंय."

"आणि गोंदणी? ती काढली ना?"

"नाय. दादी म्हनल्या, ती बी ऱ्हाऊ द्या. मिळालेलं कशाला सोडायचं?"

त्यांचा कागद झाला. हा माझा. यात नजरचूक नाही. डिंक हा शब्द मला येत होता.